आजीचे लुगडे आणि अंतराळयान

आमच्या अंतराळयानाचा सांगाडा म्हणजे एक जुना कूलर होता. इंदूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही. त्याचा पत्रा गंजला, मोटर जळाली की तो गच्चीवर जाऊन बसतो आणि पुढली दहा वर्षे तिथून हलत नाही. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत आमचे घर आहे. तिथल्या गच्चीवर असे दोन कूलर होते. २०२२ च्या मे महिन्यात मी, माझा आतेभाऊ आणि गल्लीतले दोघे मित्र अशा चौघांनी त्यातल्या मोठ्याच्या वाळ्याच्या जाळ्या काढल्या, त्याला रुपेरी रंग फासला आणि एका जगप्रसिद्ध परदेशी अंतराळमालिकेवर बावीस मिनिटांचा चित्रपट काढला. मालिका कोणती ते कृपा करून विचारू नका. एकदा हात पोळले आहेत.

पात्रांच्या मागे आकाश दाखवायचे तर हिरवा कपडा लागतो. मग संगणकावर ते हिरवे पुसून त्या जागी तारे, ग्रह, काय हवे ते बसवता येते. आजीचे हिरवे नऊवारी लुगडे आम्ही पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत ताणले. लाल काठ तेवढा मागे दुमडला. पहिल्या दिवशी आतेभाऊ हिरवा शर्ट घालून आला. रात्री पाहतो तो कप्तानसाहेबांच्या पोटातून शनीची कडी दिसताहेत! शेजारचे काका रोज जिन्यावरून डोकावून "भिया, ये क्या चल रिया है?" असे विचारून जात. आमच्या कथेत त्या मालिकेचा कप्तान वाट चुकून दसरा मैदानावर उतरतो आणि पोहे-जिलेबी खाऊन परत जायचे नाकारतो. नाव त्याचेच, गणवेश त्याचाच (आईने शिवलेला), छातीवरचे चिन्ह तेच आणि संगीतही मालिकेतले जसेच्या तसे.

चित्रपट इंटरनेटवर चढवला. तीनशे-साडेतीनशे लोकांनी पाहिला, त्यात निम्मे आमचेच नातेवाईक. एकोणिसाव्या दिवशी तो नाहीसा झाला आणि त्या जागी दोन ओळी आल्या : मालकाच्या तक्रारीवरून काढून टाकला आहे.

मला हसू आले; पण आतेभावाला नाही. सगळे संकलन त्याने एकट्याने, रात्र रात्र जागून, स्वतःच शिकून केले होते. एका चित्रपट-अभ्यासक्रमाच्या अर्जाबरोबर तोच दुवा त्याने पाठवलेला होता. अर्ज तपासणाऱ्याने तो उघडला असेल तेव्हा त्याला चित्रपटाऐवजी चोरीचा शिक्का दिसला असेल, ही कल्पना त्याला सोसेना. "आपण चोर आहोत का रे?" एवढेच तो म्हणाला. आणखी तक्रारी आल्या तर खातेच बंद होईल अशी ताकीद होती, म्हणून त्याने आपले बाकीचे छोटे चित्रपटही स्वतःच्या हाताने पुसून टाकले. प्रवेश मिळाला नाही. त्याचे कारण हेच होते असे मी म्हणणार नाही. पण तो मात्र तसेच समजतो.

आमचे नाना, म्हणजे आजोबा, जिल्हा कोर्टात कारकून होते. त्यांनी चष्मा लावून तो मजकूर दोनदा वाचला.

"वस्तू त्यांची. विचारलेत का त्यांना?"

"नाना, त्यांना कुठे विचारणार?"

"म्हणजे नाही विचारले. मग रडता कशाला?"

मला राग आला. पण त्या रात्री गच्चीवर अंथरुणे घातल्यावर नानांनी एक गोष्ट सांगितली, ती घरात कुणाला ठाऊक नव्हती. १९७१ साली त्यांनी गणेशोत्सवासाठी एक एकांकिका लिहिली होती. दोन वर्षांनी एका लग्नाला ते परगावी गेले, तर तिथल्या मंडळाचा प्रयोग लागलेला. नाटकाचे नाव वेगळे, गाव वेगळे, नायिका सुमनची शैला झालेली, आणि लेखक म्हणून भलत्याच माणसाचे नाव. नाना तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसले आणि आपल्या वाक्यांवर पडलेल्या टाळ्या ऐकून परत आले. फिर्यादीला किती खर्च येतो हे कोर्टातल्या कारकुनाला वेगळे सांगावे लागत नाही. तरी त्यांनी आशा सोडली नव्हती. ती १९७८ साली सुटली. त्या निकालाचे कात्रण त्यांच्या फायलीत अजून आहे.

तो खटला आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५४ मध्ये रंगभूमीवर आले. १९५६ च्या 'न्यू दिल्ली' चित्रपटाने ते उचलले, असा त्यांचा दावा होता. दोन्हींत एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंब, मुलामुलीचे प्रेम आणि प्रांताप्रांतांतला दुरावा. (मराठी आणि कन्नड विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या या अंकात ते कथानक सांगताना मला गंमत वाटते.) सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो आनंद यांच्या विरुद्ध. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाचा प्रताधिकार नसतो. तो असतो त्यांच्या आविष्कारावर. मांडणी पुरेशी वेगळी असली की ती नक्कल होत नाही.

कायदा म्हणून हे मला पटते. नाहीतर जगात दुसरी प्रेमकथाच लिहिता आली नसती. पण त्या रात्री आडवे पडून विचार करताना एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ज्याला उचलेगिरी करायची तो आधी नाव बदलतो, गाव बदलतो, सुमनची शैला करतो, आणि बऱ्याचदा निसटतो. चाहता मात्र नाव बदलायला तयार नसतो. त्याला कल्पना नकोच असते. त्याला तोच कप्तान, तेच चिन्ह, तोच गणवेश हवा असतो. म्हणजे कायद्याने नेमके जे राखून ठेवले आहे, तेच. आम्ही कप्तानाचे नाव बदलून त्याला गणपतराव केले असते तर कुणी विचारले नसते. पण मग चित्रपट काढायचा कशासाठी?

दुसऱ्या दिवशी नानांनी चित्रपट पाहायला मागितला. शेवटी पाटी होती : पात्रांचे हक्क अमक्यांचे, आम्ही केवळ चाहते. नानांनी तिथेच थांबवायला लावले. "नाव दिलेत की," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे मी या महाविद्यालयात आलो आणि वसतिगृहात मिळेल ते वाचू लागलो. या बाबतीतला सर्वांत गाजलेला तंटा 'स्टार ट्रेक'चा. १९६६ पासूनची ती मालिका (आमची ही नव्हे). तिचे चाहते अनेक वर्षे हौसेने भाग काढीत आणि कंपनी काणाडोळा करी. मग 'ॲक्सनार' आला. २०१४ मध्ये त्याची वीसएक मिनिटांची नांदी निघाली, लोकांकडून दहा लाख डॉलरांवर वर्गणी जमली, व्यावसायिक नट आले. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा ठोकला. तक्रारीत गणवेश होते, टोकदार कान होते, फार काय, क्लिंगॉन ही कल्पित भाषासुद्धा होती! भाषा कुणाच्या मालकीची असू शकते का, यावर भाषा रचणाऱ्यांची एक संस्था न्यायालयात म्हणणे मांडायला पुढे आली. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी हा न्याय्य वापर नव्हे असे ठरवले आणि त्याच महिन्यात तडजोड झाली.

इथे माझी सहानुभूती चाहत्यांकडे धावत नाही. दहा लाख डॉलर जमवल्यावर गच्चीवरचा खेळ राहत नाही. पण दाव्याच्या मधेच, जून २०१६ मध्ये, कंपनीने सर्व चाहत्यांसाठी नियम काढले, ते वाचून मौज वाटते. एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून तीस. वर्गणी पन्नास हजार डॉलरांच्या आत. सगळे हौशी. गणवेश बाजारातून आणाल तर तो अधिकृतच हवा. आमची बावीस मिनिटे दोन भागांत बसली असती आणि आईची शिलाईही चालली असती. निदान दार कुठे आहे हे तरी त्यांनी सांगितले. आमच्या कंपनीने नुसती कडी लावली.

इंदूरहून मुंबईकडे जाणाऱ्या आग्रा रोडवरच, धुळ्याच्या पुढे, मालेगाव लागते. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास पन्नासेक हजारांत 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. सुपरमॅन झाले शफीक शेख, अंगाने काडी, यंत्रमागावर राबणारे. त्यांना उडवायलाही हिरवाच कपडा वापरला, हे फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात पाहिले तेव्हा मला आमची गच्ची आठवली. शफीक पुढे कर्करोगाने वारले. २०२५ मध्ये या मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट निघाला. नकलेचीच अस्सल गोष्ट झाली. उलट, बड्या राम गोपाल वर्मांनी २००७ मध्ये 'शोले' पुन्हा काढला, त्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दहा लाखांचा दंड केला. त्यांनी तर नावेही थोडी बदलली होती.

पण सुपरमॅनचीच जन्मकथा मी नानांना पत्राने कळवली. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी तो निर्माण केला आणि १९३८ मध्ये १३० डॉलरांना विकला. पुढे त्यावर इतरांनी कोट्यवधी मिळवले. ह्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १९७५ मध्ये कंपनीने वार्षिक तनखा दिला आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापायचे कबूल केले. नानांचे उत्तर आले : "तनखा राहू दे. नाव मिळाले ना?"

यंदा स्नेहसंमेलनात तीच कथा रंगमंचावर करायचे ठरले. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांनी केलेल्या नाट्यप्रयोगाला सूट देते. परक्याच्या पात्रांवर नवे कथानक रचायला ती पुरते का, असे मी कायद्याच्या सरांना विचारले. ते नुसते हसले. आम्ही तिकीट ठेवले नाही, बाहेरच्यांना बोलावले नाही, चित्रण केले नाही. कप्तान झाला माझा धारवाडचा खोलीसोबती. तो पोह्यांना अवलक्की म्हणतो, तेही तसेच ठेवले.

आतेभाऊ सुट्टी काढून इंदूरहून आला. येताना नानांची चिठ्ठी आणि आजीचे लुगडे घेऊन आला. चिठ्ठीत एवढेच होते : पडदा उघडण्याआधी मुळात ज्यांनी लिहिले त्यांची नावे मोठ्याने वाचा, कंपनीचे नंतर. खोलीसोबत्याने ती आधी कन्नडात आणि मग मराठीत वाचली. रंगमंचावर हिरवे पुसता येत नाही. म्हणून आतेभावाने लुगडे पाठीमागे लावले ते काठ न दुमडता.