आधी वेलांटी की आधी अक्षर?

बपेरा हे तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागलेलं गाव. तिथला एक टंकलेखक जुन्या मराठी टाइपरायटरवर शिकला. आता संगणकावर लोकांचे अर्ज करून देतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द त्याच्या हातून दोन तऱ्हांनी उतरतो. टाइपरायटरच्या वळणाच्या रेमिंग्टन कळफलकावर आधी वेलांटी, मग ‘व’, आणि रफार अगदी शेवटी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मात्र उच्चाराच्या क्रमाने: ‘व’नंतर वेलांटी, ‘थी’च्या आधी ‘र’ आणि हलन्त.

इन्स्क्रिप्ट कालचा नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६मध्ये ठरवला आणि १९९१मध्ये तो भारतीय मानकात आला. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट दाबली की ख, बंगाली आणि तेलुगूतही क तिथेच. विंडोजमध्ये मराठी कळफलक म्हणून वर्षानुवर्षं हाच आहे.

म्हणजे कागदोपत्री प्रमाण हा, आणि जुन्या टंकलेखकांच्या लेखी पर्यायी ठरला तोही हाच!

कारण साधं आहे. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. तो ज्या कळफलकावर कमावला, तो सोडायचा तर काही महिने पुन्हा नवशिक्यासारखं चाचपडावं लागतं. तेवढे दिवस गिऱ्हाईक थांबत नाही.

इंग्रजीतही हेच झालं. ऑगस्ट ड्व्होराक यांनी १९३६मध्ये पेटंट घेतलेल्या आराखड्यात जास्त लागणारी अक्षरं बोटांच्या मूळ ओळीतच होती. पण १९५६च्या अमेरिकी सरकारी चाचणीत हात बसलेल्या टंकलेखकांना नव्याने शिकवण्याचा खर्च परवडणारा दिसला नाही. नेहमीचा क्वर्टी कळफलकच राहिला.

रेमिंग्टन आणि इन्स्क्रिप्ट दोघांनाही खरा प्रतिस्पर्धी आला तो मोबाइलवरून. इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी उमटतं. २०१९पासून विंडोजमध्येही मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक आहे. त्यावर पोरं झपाट्याने लिहितात. पण आडनावाशी गाठ पडली की टंकलेखक सावध होतो. ‘काळे’ हवं असताना यंत्राने सुचवलेलं ‘काले’ घाईत स्वीकारलं, तर कागदपत्रांतली नावं जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. इन्स्क्रिप्टमध्ये ळ स्वतः दाबावा लागतो. तिथे यंत्र अंदाज बांधत नाही.

म्हणून नव्या मुलांना तो इन्स्क्रिप्ट शिकवतो. स्वतः मात्र घाईच्या वेळी रेमिंग्टनवरच येतो. नोकरीच्या तयारीला आलेल्याला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “परीक्षा कोनत्या कीबोर्डवर हाये गा?”