माळ्यावरचे भोपळे

माझ्या लग्नाच्या वेळी स्थळांसाठी जो माहितीचा कागद तयार केला होता, त्यात वडिलांच्या व्यवसायापुढे ‘फर्निचर’ असं लिहिलं होतं. अक्षर माझंच होतं.

अब्बा मिरजेचे सतारमेकर. आमचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा जमाना सरला, तेव्हा मिरजेतल्या फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतारी-तंबोरे बनवायला घेतले आणि पुढं पुष्कळ घरांचा तोच पोटापाण्याचा धंदा झाला. पंढरपूरकडून भोपळे यायचे. ते पडवीत वाळत पडलेले असायचे आणि आम्ही भावंडं त्यांच्यामागं लपाछपी खेळायचो.

पाहुणे मला बघायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मामूंनी ते सगळे भोपळे माळ्यावर चढवले. सासरची माणसं दीनदार, घरात गाणंबजावणं चालत नाही, मग उगाच विषय कशाला, असं त्यांचं म्हणणं. अब्बा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, उर्दू शाळेत शिक्षिका झाले. मिरज पन्नास किलोमीटरवर. अब्बा वर्षातून दोन-तीनदा यायचे, तब्येत, पाऊस, नातवंडं यावर बोलायचे आणि जायचे. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्या सासरी स्वतःच्या कामाबद्दल एक शब्द काढला नाही. ‘त्यांचा स्वभावच अबोल,’ अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

गेल्या हिवाळ्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. साखर वाढलेली निघाली, म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितलं. शाळेतल्या मराठीच्या बाईंना मी हे सहज बोलले. त्यांचे यजमान एका छोट्या संगीत मंडळाचं काम बघतात. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, ‘शनिवारी आमची बैठक आहे. जुन्या तंबोऱ्याची जवारी बसली आहे. तुमचे वडील जरा बघतील का?’

कोल्हापूरला गाण्याचे क्लब नवे नाहीत. इथला देवल क्लब १८८३ सालचा. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, तेव्हापासून या गावाच्या कानाला चांगल्या गाण्याची सवय आहे. पण मी इतकी वर्षं इथं राहून एकाही बैठकीला गेले नव्हते.

अब्बांना विचारलं, तर त्यांनी पिशवीतून औषधांच्या खालची कापडी थैली काढून दाखवली. तिच्यात एक बारीक कानस आणि सुती दोऱ्याची गुंडी होती. ऑपरेशनला येतानाही ती त्यांच्यासोबत होती. हे रात्रपाळीला होते, म्हणून मी आणि आठवीतली माझी मुलगी त्यांना घेऊन निघालो. सासूबाईंना फक्त ‘जरा बाहेर जाऊन येतो’ एवढंच सांगितलं.

मंडळ म्हणजे एका जुन्या वाड्याचा वरचा मजला. सतरंज्या, भिंतीला टेकून बसलेली पन्नास-साठ माणसं, कोपऱ्यात चहाचं पातेलं. अब्बांना आत नेलं. तंबोरा समोर आला. त्यांना नीट दिसत नव्हतंच. त्यांनी भोपळ्यावरून हात फिरवायला सुरुवात केली, जसा लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा. कोरीव पानापाशी बोट थांबलं. त्या पानाखाली भोपळ्याला एक तडा सांधलेला होता.

‘ये मेरेच हाथ का है,’ ते म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून हळूच, ‘तुझ्या लग्नाच्या साली कोल्हापूरला जोड दिली होती. त्यातला.’

मला कुठं बघावं कळेना. ज्या लग्नासाठी भोपळे माळ्यावर गेले, त्याच लग्नाच्या खर्चाला हे भोपळे उपयोगी पडले होते.

त्यांनी तार सैल केली, घोडीवरून दोन-चार वेळा हलकी कानस फिरवली, तार पुन्हा चढवली. तारेखाली दोरा सरकवत सरकवत एका जागी आणला आणि छेडलं. आत्तापर्यंत ठक्क वाजणारी तार एकदम उघडली, तिच्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव निघाला. माझी मुलगी म्हणाली, ‘नाना, एवढ्याशा दोऱ्यानं?’ अब्बा हसले. ‘दोरा एवढासाच. जागा सापडायला पाहिजे.’

गायिका धारवाडकडची, तिशीतली. तिनं खोलीचा अंदाज घेतला आणि माइक बाजूला ठेवायला सांगितलं. दोन्ही तंबोरे सुरू झाले, तबला ठाय लयीत लागला आणि तिनं बिहाग घेतला. मला रागातलं काही कळत नाही. पण त्या खोलीत लपायला जागा नव्हती. गायिकेचा श्वास ऐकू येत होता, मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं ‘वा’ तिला ऐकू जात होतं. अब्बा मात्र गाणं ऐकत नव्हते. मान तंबोऱ्याच्या बाजूला कललेली, डोळे मिटलेले. मध्येच एक तार किंचित उतरली, तेव्हा गायिकेनं मागं वळण्याआधी अब्बांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली.

मध्यंतरात मंडळाच्या लोकांनी न विचारता आतल्या खोलीत स्वच्छ चादर अंथरून दिली. अब्बांनी इशा पढली. मग चहा पिताना ते मोकळेपणानं बोलू लागले. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली प्रवासात त्यांचा इंतकाल झाला आणि मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. दरवर्षी उरुसाला तिथं त्यांच्या आठवणीत मोठमोठे कलावंत गाऊन जातात. ‘तेव्हा आमच्या गल्लीत रात्रभर दुकानं उघडी असायची,’ अब्बा सांगत होते. आठ-दहा माणसं चहा विसरून ऐकत होती. आपले अब्बा इतकं बोलतात, हे मला त्या दिवशी समजलं.

भैरवी संपली, तेव्हा साडेअकरा वाजले होते. गायिका उठून अब्बांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिचे हात वरच्या वर धरले आणि म्हणाले, ‘जीती रहो.’

घरी आलो तर सासूबाई जाग्या. ‘कुठं होतात एवढा वेळ?’ मुलगी काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं. गाण्याच्या बैठकीला. अब्बांनी बनवलेला तंबोरा होता तिथं. आणि तेव्हा कागदावर ‘फर्निचर’ लिहिलं होतं, ते खोटं होतं.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, मुलगी बघायला आलो, तेव्हा सतारमेकर गल्ली विचारत विचारतच आलो होतो की आम्ही. वर माळ्यावरनं भोपळे डोकावत होते. तुझे सासरे परतताना म्हणाले, हाताची कमाई आहे, सोयरीक करू.’

‘मग कधी बोलला का नाही?’

‘तुम्हीच लपवलं होतं. आम्ही कशाला उघडं करायचं?’

गाण्याबद्दल त्यांचं मत आहे तेच आहे. आमच्या घरात आजही गाणी लागत नाहीत आणि मी त्यावर वाद घालत नाही. पण हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर गुजराण करत, हे मी दरवर्षी वर्गात मुलींना शिकवते. शिकवताना आवाज चांगला मोठा असतो माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अब्बांपुढं चहा ठेवला आणि विचारलं, ‘भाईसाब, एक तंबोरा करायला किती दिवस लागतात?’

अब्बांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि भोपळ्यापासून सांगायला सुरुवात केली.