एक कॉइन

गेल्या जूनमधल्या एका शनिवारी रात्री पावणेबारा वाजता मी 'मुस्तफा' संपवला. लहानपणी दोन अख्ख्या उन्हाळी सुट्ट्या घालवून जे जमलं नव्हतं ते एका बैठकीत. बायको आणि मुलगी झोपलेल्या, कानात हेडफोन, डॉक्टर फेसेंडन शेवटचा कोसळला, स्क्रीनवर नावं सरकायला लागली आणि मी चक्क जांभई दिली. मग लॅपटॉप मिटला आणि झोपलो.

पण ती जांभई काही डोक्यातून जाईना.

ज्यांना मुस्तफा माहीत नाही (म्हणजे ज्यांच्या घरी लहानपणापासून प्लेस्टेशन होतं अशी भाग्यवान मंडळी) त्यांच्यासाठी थोडक्यात. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर बेतलेला. म्हणजे भविष्यकाळातली दुनिया, परत आलेले डायनोसॉर, जुन्या कॅडिलॅक गाड्या आणि डायनोसॉरची शिकार करणारे गुंड. त्या गुंडांना आठ स्टेज बडवत जायचं. खेळायला चार जण: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. कॉमिकचा हीरो जॅक, पण आपल्याकडे कुणाला त्याचं काय? सगळ्यांना पिवळ्या टोपीतला चपळ मुस्तफाच हवा असायचा, म्हणून गेमचंच नाव मुस्तफा पडलं. बाकी इंग्रजी नाव वाचायच्या भानगडीत कोण पडतो!

आणखी एक गंमत. मशिनवरचा हा गेम घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमनं आपल्या जुन्या मारामारीच्या गेम्सचा एक संच काढला, त्यात 'फायनल फाइट' होता, 'कॅप्टन कमांडो' होता, मुस्तफा नव्हता. त्यामुळे तेव्हा पार्लर आणि आता एमुलेटर, एवढेच दोन रस्ते.

आमचं पार्लर सांगलीत एस.टी. स्टँडमागच्या बोळात होतं. साल १९९६, मी सातवीत. गाळ्याला दाराऐवजी कळकट पडदा, आत चार मशिनं, एक टेबलफॅन आणि तो फॅन स्वतःकडे वळवून बसलेले काका. एका रुपयाला एक कॉइन. या मशिनचा सगळा धंदा त्या एका रुपयावर बेतलेला असतो हे आता कळतं. साधारण पोरानं काही मिनिटांत मरावं, समोर नऊ, आठ, सात असे आकडे उलटे सुरू व्हावेत आणि त्यानं घाबरून खिशात हात घालावा, अशीच रचना. गेम किती अवघड ठेवायचा हेही मालकाच्या हातात. एमुलेटरमध्ये एफ-टू दाबून मशिनचा सर्व्हिस मेनू उघडला तेव्हा ते सेटिंग मला पहिल्यांदा दिसलं. काकांनी ते कुठं ठेवलं असेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी त्या साधारण पोरांतला. दुसऱ्या स्टेजच्या शेवटी दोन हातांत दोन सुरे घेऊन तो बुचर यायचा, तिथं माझा रुपया संपायचा. पण माझ्याकडे रुपये असायचे. वडील बँकेत, आजोबा लाड करणारे.

आणि बंड्याकडे (खरं नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे) रुपये नसायचे, पण हात होते. त्याचे वडील स्टँडवर हमाली करायचे. तो नुसता मशिनला टेकून दुसऱ्यांचा खेळ बघत उभा राहायचा. असं बघून बघून त्याला प्रत्येक गुंड कधी कुठून येतो, कुठल्या पिंपात खायला मिळतं, कुठल्या पेटीत बंदूक, सगळं पाठ झालं होतं. आमचा करार आपोआप झाला. कॉइन माझा, पहिली लाइफ मी वाया घालवायची, उरलेल्यावर बंड्या खेळणार. तो खेळायला लागला की मागं गर्दी जमायची. काकांना मात्र तो डोळ्यासमोर नको असायचा. एका रुपयात पाऊण तास मशिन अडवणारं गिऱ्हाईक कुणाला आवडेल?

त्याचा एकच मंत्र होता, "सगळ्यांना एका बाजूला ठेव." बास. मला तेव्हा तो कळला नाही. मी बटणं बडवण्यात दंग.

सुट्टी संपायच्या आदल्या आठवड्यात बंड्या एका कॉइनवर शेवटच्या बॉसपर्यंत पोचला. शेवटची लाइफ, बॉसची पट्टी बोटभर उरलेली. मागं दहा-बारा पोरं श्वास रोखून. आणि माझ्या डोक्यात आलं, हा शेवट माझ्या हातून व्हायला पाहिजे. कॉइन माझा आहे ना! मी म्हणालो, "दे मला." तो म्हणाला, "थांब, थांब." मी स्टिक ओढली. एवढ्यात बॉसनं मुस्तफाला उडवलं.

नऊ, आठ, सात. माझा खिसा रिकामा. बंड्याचा तर होताच. काकांनी मान हलवली. शून्य झाल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्यामुळं मेलो. माझा रुपया घालवलास."

तो काही बोलला नाही. नंतर पार्लरमध्ये आला नाही. शाळेत दिसायचा, बोलायचा, पण मुस्तफाचा विषय कधी निघाला नाही. दहावीनंतर तो एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला, मी पुण्याला इंजिनिअरिंगला. पुढं तेच, कँपस, हिंजवडी, होम लोन.

तर सांगायचा मुद्दा, जूनमधली ती जांभई. एमुलेटरमध्ये कीबोर्डवरचं पाचचं बटण दाबलं की कॉइन पडतो. मेलं की दाबा पाच. त्या रात्री मी एक्केचाळीस वेळा दाबलं. फुकटचे एक्केचाळीस रुपये! एवढे असते तर सातवीत मी काकांचा गाळाच विकत घेतला असता. पण मरण्याला किंमतच नसेल तर बुचर आला काय आणि गेला काय.

म्हणून नियम केला. दर शनिवारी एकच कॉइन, मधूनच सेव्ह करणं नाही. पहिल्या शनिवारी बुचर. दुसऱ्या शनिवारी बुचर. मी रीतसर इंजिनिअरसारखा वागलो, म्हणजे दोष हार्डवेअरला दिला. कीबोर्डचा लॅग, एलसीडीचा लॅग. चार हजारांची आर्केड स्टिक मागवली. तिसऱ्या शनिवारी, बुचर.

मग शेवटी हात थांबवून नुसतं बघायला लागलो. आणि तेव्हा दिसलं. हे गुंड एकेकटे काहीच नाहीत. ते दोन्हीकडून येतात, एकाला मारताना दुसरा पाठीत घालतो, मरण तिथं आहे. ते मारतात ते बहुतेक तुमच्या ओळीत आल्यावर. म्हणून आपण त्यांच्या ओळीत थांबायचं नाही, तिरपं जायचं, वळसा घालून सगळ्यांना एकीकडे आणायचं आणि मग बडवायचं. सगळ्यांना एका बाजूला ठेव. बाराव्या वर्षी, एकही कॉइन न घालता, नुसतं टेकून उभं राहून बंड्यानं जे काढलं होतं ते मला बेचाळिसाव्या वर्षी चार हजारांच्या स्टिकसकट कळलं. त्या शनिवारी मी चौथ्या स्टेजला पोचलो. आनंद झाला, पण त्याहून जास्त लाज वाटली.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा लॅपटॉप आणि स्टिक घेऊन थेट बंड्याच्या दुकानात. आता त्याचं स्वतःचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. भिंगाखाली कुठलातरी बोर्ड धरून सोल्डरिंग चाललं होतं. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. मग मी एकदाचं बोलून टाकलं.

"शेवटच्या बॉसला स्टिक मी ओढली होती. तुझी चूक नव्हती."

त्यानं मान वर न करता विचारलं, "मुस्तफाचं म्हणतोयस? माहितेय की."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? कॉइन तुझा होता की लेका."

त्यात राग नव्हता. म्हणूनच मला काही उत्तर सुचेना. तीस वर्षं मी त्या दिवसाचा हिशोब एका बोटभर पट्टीत करत होतो. मला वाटायचं, मी त्याचा गेम घालवला. गेम त्याचा कधी नव्हताच, हे त्याला बाराव्या वर्षी माहीत होतं.

मी लॅपटॉप काउंटरवर ठेवून गेम लावला. नेहमीच्या सवयीनं पाचकडं हात गेला तर त्यानं माझा हात बाजूला केला.

"कुठलं बटण?"

"पाच."

"थांब. कॉइन माझा." आणि त्यानं एकदाच दाबलं.

"माझ्यासाठी दुसरा टाकू?"

"एकच. आळीपाळीनं."

पहिली दोन मिनिटं त्याचे हात चाचपडले. मग गाडीवाल्या स्टेजपर्यंत जुना बंड्या परत आला होता. पाचव्या स्टेजला, हातातली लाइफ अर्ध्याहून जास्त शिल्लक असताना त्यानं स्टिक माझ्याकडं सरकवली. "घे. तू मार."

मी सहाव्या स्टेजला मेलो. समोर नऊ, आठ, सात सुरू झालं. दोघंही बघत बसलो, पाचला कुणी हात लावला नाही. तीनवर असताना एक मुलगी आली आणि म्हणाली, "दादा, टेम्पर्ड ग्लास आहे का?"

बंड्या उठला.

(ता. क. शनिवारचा नियम चालू आहे. एका कॉइनवर अजून सहाव्या स्टेजच्या पुढं गेलेलो नाही. मेमध्ये परत सांगली.)