गोटमार, शेवटाकडून

शॉर्ट फिल्मसाठी विषय शोधायला बसलो तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. झेंडा तोडून चंडीमातेच्या देवळात नेला की गोटमार संपते.

पहिली स्क्रिप्ट मी सरळ लिहिली. सकाळ, गर्दी, दगड, झेंडा. वाचून पाहिली आणि मलाच लाज वाटली, कारण वाचताना मी पुढच्या दगडाची वाट बघत होते. अशीच वाट बघणाऱ्या गर्दीसमोर एकोणिसाव्या वर्षी माझ्या मामाचा डावा डोळा गेला. कुणाच्या दगडाने, ते कुणालाच ठाऊक नाही.

हॅरॉल्ड पिंटरच्या 'बिट्रेयल' (1978) या नाटकात एका प्रेमप्रकरणाची गोष्ट बहुतेक उलट्या क्रमाने येते. सगळं संपल्यावर पडदा उघडतो, आणि नाटक संपतं ते प्रेम सुरू होतं तिथे. काय होणार हे आधीच कळल्यामुळे आपण माणसांकडे नीट बघू लागतो. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (2013) जब्याचा शेवटचा दगड थेट आपल्या दिशेने येतो. आपल्याला सुरक्षित काठ उरतच नाही. तिथे दगड फेकून जे झालं, ते मला दगड मागे घेऊन करायचं होतं.

म्हणून माझी फिल्म बँडेजपासून सुरू होते. मग नदी. मग सकाळ, हातात रोझरी घेऊन दारात आडवी उभी राहिलेली आजी. आणि शेवटी पोळ्याची संध्याकाळ. आता प्रश्न 'कोण जिंकलं' हा राहत नाही, 'हा घरीच का नाही थांबला' हा होतो.

ग्रुप म्हणाला, लोक कन्फ्यूज होतील. खरं होतं ते. मग एक खूण सापडली. शेजारच्यांच्या बैलांची शिंगं रंगवताना मामाच्या बोटांना लागलेला रंग. हॉस्पिटलात तो फिका दिसतो, प्रत्येक सीनला गडद होत जातो, शेवटी ओला. तारीख-वेळ लिहायची गरजच पडली नाही.

पण डोळा मामाचा. त्याला विचारल्याशिवाय कॅमेरा लावणं बरं नव्हतं. अंगणात बसून त्याला सगळा क्रम सांगितला. तो बराच वेळ गप्प होता.

"मंग शेवटाले माहे दोन्ही डोये असतीन?"

"हो मामा."

"मंग तिथंच थांबव. पुढं नको नेऊ."

तिथेच थांबवली आहे. शेवटच्या शॉटमध्ये तो ओल्या बोटांनी भाकर खातोय. आतून आजी म्हणते, "उद्या नदीवर जाऊ नको, बाप्पा."

"नाही जात," तो म्हणतो.