शेक्सपिअरच्या आड

माझ्या कपाटात शेक्सपिअरच्या मागे एक मासिक कित्येक वर्षे लपून बसले आहे. पुस्तक मळू नये म्हणून लोक त्याला कव्हर घालतात. मी घातले ते मुखपृष्ठ कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून! परवा मुलीने नेमके तेच बाहेर काढले, कव्हर उतरवले आणि विचारले, "बाबा, हे लपवलंत कशाला? चित्र किती छान आहे!"

तो होता 'ब्लॅक मास्क' या अमेरिकन गुन्हेकथा-मासिकाचा जुना अंक. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली ही मासिके. म्हणूनच त्यांना 'पल्प' म्हणत. आतला कागद हात लावताच तुकडे पडावेत असा. मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत आणि भडक रंगांचे. टपरीवरच्या गर्दीत वाटसरूचे पाऊल थांबवायचे ते त्यानेच. नॉर्मन साँडर्स, राफाएल डीसोटो यांच्यासारखे चित्रकार त्यासाठी कॅनव्हासवर तैलरंगांत चित्रे काढीत. अंक छापून झाला की मूळ चित्राला कोणी विचारीत नसे. बहुतेक चित्रे नष्टच झाली. उरल्यासुरल्या चित्रांसाठी आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात.

हे मासिक मेंकेन आणि नेथन या विद्वानांनी १९२० साली काढले, ते आपल्या 'स्मार्ट सेट' या प्रतिष्ठित मासिकाचा खर्च भागावा म्हणून. पाचशे डॉलर घातले आणि लवकरच साडेबारा हजारांना ते विकून मोकळे झाले. गरजेपुरते जवळ करायचे, पण चारचौघांत ओळख द्यायची नाही, ही रीत माझ्या चांगल्याच परिचयाची आहे! पुढे १९२९ साली त्याच पानांतून हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' क्रमशः येऊ लागली आणि १९३३ साली चँडलरची पहिली गुन्हेकथा आली. या दोघांच्या कादंबऱ्यांच्या सभ्य आवृत्त्या मी वर्गात उजळ माथ्याने नेतो. त्यांचे माहेर मात्र कपाटात कोंडून ठेवतो.

आणि कोणाच्या आड? ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाला आपले नाव देणाऱ्या बोडलीने १६१२ साली छापील नाटकांना क्षुद्र ठरवून दाराबाहेर ठेवले होते. शेक्सपिअर तेव्हा हयात होता!

मुलीपुढे मी निरुत्तर झालो. ते कव्हर काढून टाकले आणि अंक पुढच्या रांगेत ठेवला. संध्याकाळी प्राचार्य घरी आले. त्यांना बसायला सांगता सांगता माझा हात नकळत कपाटाकडे गेला आणि शेक्सपिअर पुन्हा पुढे सरकला!