भरल्या घरातून बाहेर

हैदराबादची थंडी दिल्लीच्या माणसाला हसू आणते आणि मुंबईच्या माणसाला ट्रंकेतून स्वेटर काढायला लावते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचं हे पठार. डिसेंबरात आभाळ मोकळं झालं की दिवसा तापलेला खडक रात्री भराभर निवतो आणि पहाटे पारा तेरा-चौदा अंशांवर येतो. उत्तरेचं वारं सुटलं तर त्याहूनही खाली. जानेवारी १९४६ मध्ये तो ६.१ वर गेला होता. आमच्या आत्याबाई तेव्हा शाळकरी होत्या. त्यामुळे कानटोपी घालून ‘ही काय थंडी आहे?’ असं म्हणायचा अधिकार घरात फक्त त्यांना आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. हे जन्माने हैदराबादचे, मी अंबाजोगाईची. लग्न होऊन मी या विद्यानगरच्या घरात आले, सामान पुरतं लावूनही झालं नव्हतं तेवढ्यात ह्यांची नोकरी मुंबईला गेली, आणि आमचा संसार मुंबईच्या दोन खोल्यांत झाला. निवृत्तीनंतर परत आलो ते याच घरात. मुंबईत मी शाळेतल्या मोठ्या बाई होते, सोसायटीत आजी होते. इथे पाऊल टाकलं आणि पुन्हा ‘धाकटी’ झाले. साठी उलटलेल्या बाईला ‘धाकटे, भाकरीच्या कडा जाड राहिल्यात’ असं ऐकावं लागतं, आणि खोटं कशाला बोलू, ते आवडतं. आपल्या चुका काढणारं माणूस घरात असलं की आपलं वय जरा लांबणीवर पडतं.

हैदराबादेत मराठी माणूस केव्हापासून आहे हे सांगत बसले तर पुराण होईल. सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा, कुतबीगुडा या भागांतून हिंडलं की दुकानांच्या मागच्या वाड्यांतून अजून मराठी ऐकू येते. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी उभी केलेली विवेकवर्धिनी तिथे जवळच. १९३१ चं साहित्य संमेलन याच शहरात भरलं आणि ज्ञानकोशकार केतकर त्याचे अध्यक्ष होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. निजामी मुलखातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांचं शेत तिकडे, दार इकडे असं झालं. ये-जा मात्र थांबली नाही. थंडीत तर ती वाढतेच.

नोव्हेंबर लागला की या घराला जी भरती सुरू होते ती रथसप्तमीशिवाय ओसरत नाही. आधी लग्नं. मग नाताळच्या सुट्टीत डॅलसहून पुतण्या, त्याची बायको आणि जेट लॅगमुळे रात्री दोनला ‘पराठा’ मागणारी त्यांची लेकरं. अजिंठा एक्सप्रेसने सकाळी परभणीकडची मंडळी उतरतात. त्यांच्या पिशव्यांतून हुरडा, गूळ आणि गावातल्या भानगडी बाहेर पडतात. एक जानेवारीला नामपल्लीच्या मैदानावर नुमाईश उघडते. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी पब्लिक गार्डनमध्ये सुरू केलेलं हे औद्योगिक प्रदर्शन पुढे नामपल्लीला गेलं आणि त्याची जत्रा झाली. काश्मिरी शाली, लखनवी कुर्ते, लोणची, पाळणे. घरातला एकही पाहुणा ती पाहिल्याशिवाय परत जायला तयार नसतो आणि प्रत्येकाला ती आमच्यापैकी कुणीतरी दाखवावीच लागते. त्यात धुंधुरमास. आत्याबाईंचा दंडक असा की त्या महिन्यात एकदा तरी सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि लेकुरवाळी भाजी पानात पडली पाहिजे. शेजारच्या तेलुगू घरांतही तेव्हा धनुर्मासमच चालू असतो. अंगणात बायका मोठाले मुग्गु, म्हणजे रांगोळ्या, काढत असतात, डोक्यावर तांब्याचं भांडं घेतलेला हरिदासु चिपळ्या वाजवत जातो, संक्रांत जवळ आली की झूल पांघरलेला गंगिरेद्दु बैल दारात येऊन मान डोलावतो. आम्ही तिळगूळ देतो, समोरच्या अक्का सकिनालुचा डबा देतात. तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली ती कडबोळ्यांच्या नात्यातली वेटोळी आमच्या घरात सर्वांत आधी संपतात.

हे सगळं छान आहे. पण या सगळ्यात नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं कुठे?

निवृत्त जोडप्यांविषयी जे काही लिहिलं जातं त्यात घर नेहमी रिकामं असतं. पिल्लं उडून गेलेली, दोघं समोरासमोर, भिंतीवर घड्याळ. मुंबईत आमच्या इमारतीतली बरीच जोडपी सकाळी फिरायला जायची ती घर खायला उठतं म्हणून. बाकावर बसून ती कुणी बोलायला भेटतं का ते पाहायची. आमचं इथे उलटं झालं आहे. आम्ही बाहेर पडतो ते घर भरलेलं आहे म्हणून, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटू नये अशी आमची इच्छा असते. रक्तातली साखर हे आपलं डॉक्टरांनी मिळवून दिलेलं निमित्त.

विद्यानगरहून उस्मानिया विद्यापीठाकडे जाणारा रस्ता ही आमची वाट. पहाटेचा अंधार पुरता गेलेला नसतो. हे मफलर गुंडाळतात, मी साडीवर ह्यांचाच जुना स्वेटर चढवते आणि पायात मुलाने पाठवलेले बूट, म्हणजे ध्यान पाहण्यासारखं असतं. चपलांच्या जागी पसरून झोपलेल्या पाहुण्यांना ओलांडून, कडीचा आवाज न करता आम्ही निसटतो. वाटेत बुचाची झाडं आहेत. थंडीच्या सुरुवातीला त्यांची लांब देठांची पांढरी फुलं रात्रभर गळतात आणि झाडूवाल्या यायच्या आत तिथून जाणाऱ्यालाच तो सडा दिसतो. मी दोन उचलून स्वेटरच्या खिशात टाकते. हे दर वेळी विचारतात, ‘काय करणार आहेस त्याचं?’ काही करणार नसते.

आर्ट्स कॉलेजसमोर आलो की हे जरा थबकतात. गुलाबी ग्रॅनाइटची ती प्रचंड इमारत बेल्जियन वास्तुरचनाकार अर्नेस्ट जॅस्पर यांच्या आराखड्यावर उभी राहिली आणि ४ डिसेंबर १९३९ ला निजामाने तिचं उद्घाटन केलं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात इथल्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं होतं आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आपलं दार उघडलं होतं. त्या आंदोलनामुळे नागपूरला गेलेल्या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव होते. माझे सासरे काही वर्षांनी इथे आले. तेव्हा सगळं शिक्षण उर्दूतून. त्यासाठी पुस्तकं भाषांतरित करायला दारुल-तर्जुमा हे स्वतंत्र खातंच होतं. सासऱ्यांनी गणित उर्दूत शिकून घेतलं ते जन्मभर उर्दूतच राहिलं. मुलाला भूमिती शिकवताना ते त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘जाविया’ म्हणत, आणि मराठी शाळेत हे तेच बोलून मार खात. हा किस्सा हे मला तिथे पायऱ्यांसमोर सांगतात. मी तो दर वेळी नव्याने ऐकते. लग्न टिकवायला याहून मोठं कौशल्य लागतं असं मला वाटत नाही.

पण या वाटेवर माझं मन अडकतं ते आर्ट्स कॉलेजपाशी नाही, त्याआधी. दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचा दवाखाना आहे, आंध्र महिला सभेचं मुलींचं कॉलेज आहे, तिथे. चिंतामणराव देशमुख आपले, रायगडाजवळच्या नाते गावचे. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, घटना समितीच्या सदस्य. चौदा वर्षांच्या असताना काकीनाडा काँग्रेसच्या वेळी खादी प्रदर्शनात स्वयंसेविका म्हणून उभ्या राहिल्या आणि तिकीट नाही म्हणून खुद्द जवाहरलाल नेहरूंना त्यांनी दारात अडवलं. पुढे २२ जानेवारी १९५३ ला त्यांनी चिंतामणरावांशी लग्न केलं तेव्हा साक्षीदारांत तेच नेहरू होते. दोघांचीही ही दुसरी खेप, दोघंही चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले.

१९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटलं म्हणून चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडलं. ज्या पुनर्रचनेने त्यांचं मंत्रिपद गेलं तिनेच हैदराबादपासून मराठवाडा वेगळा केला. आणि कामांच्या धबडग्यातून मोकळे झाल्यावर हा मुंबईसाठी राजीनामा देणारा माणूस राहायला आला तो मुंबईला नाही, पुण्यालाही नाही, तर बायकोच्या भाषेच्या मुलखात, हैदराबादला. महाराष्ट्राने त्यांचा राजीनामा लक्षात ठेवला आणि हा मुक्काम विसरला, याची मला जरा चीड येते. माणसाने तत्त्वासाठी काय सोडलं याची आपण नोंद ठेवतो; म्हातारपणी कुणासाठी कुठे येऊन राहिला, याची ठेवत नाही.

दुर्गाबाईंच्या आत्मकथनाचं इंग्रजी नाव ‘चिंतामण अँड आय’. नवऱ्याचं नाव आधी, तेही नुसतं, आणि मग ‘मी’. मी अजून ‘अहो’वरच आहे. दुर्गाबाई ९ मे १९८१ ला गेल्या. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला, हैदराबादेतच. म्हणजे त्यांच्या वाट्याला एकट्याचा असा एकच हिवाळा आला. त्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या सुमाराला, त्यांना शहाऐंशी पूर्ण झाली असणार. हे तारखांचं गणित मी एकदा त्या फाटकापाशी ह्यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी माझ्यापुढे चार पावलं चालायची सवय सोडून बरोबरीने चालले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. चालीच्या बाबतीत पुरुष सुधारतात यावर माझा विश्वास नाही.

या चालण्यात आम्ही काय बोलतो? निम्मं तरी घरच्यांबद्दलच. पुतण्याच्या बायकोने आज भाजी खाल्ली नाही ती तिखट होती म्हणून की राग आला म्हणून. परभणीच्या वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन इथे करायचं तर त्या राहतील कुठे. घर टाळून बाहेर पडायचं आणि घरच उगाळत चालायचं. पण ते दोघांनी मिळून, तिसऱ्याच्या कानाबाहेर, एवढाच फरक. आणि तो फरक मोठा आहे. घरात मी धाकटी सून असते आणि हे बाळ्या. फाटकाबाहेर आम्हाला मतं असतात.

गेल्या थंडीत मात्र विषय एकच होता. आमच्या गल्लीतली अंगणाची घरं एकेक करून बिल्डरकडे गेली. चार-पाच मजली इमारत उठते, जमीनवाल्याला काही फ्लॅट मिळतात. आमच्याकडेही विचारणा झाली. पुतण्या म्हणतो, देऊन टाका. परभणीकडचे म्हणतात, बघा बुवा. माझी समजूत अशी की या घरात वाढलेला माणूस चिवटपणे नाही म्हणेल आणि बाहेरून आलेली मी हो म्हणेन. झालं भलतंच. हे म्हणायला लागले, गच्ची गळते, खांब फुगलेत, आपल्यानंतर कोण बघणार? आणि मी आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्यांसमोर उभी राहून जवळजवळ भांडले. ह्यांनी या घरात बालपण काढलं होतं, ते काढून झालं होतं. मला मात्र हे घर म्हातारपणी नव्याने मिळालं होतं आणि माझं राहून व्हायचं होतं. शिवाय फ्लॅटमध्ये मधल्या खोलीत बारा गाद्या पडतात का?

हे सगळं आत्याबाईंपासून लपवायचं, यावर मात्र आमचं एकमत होतं. त्यांच्यासमोर बिल्डरचं नाव काढायचं नाही, त्याचा फोन आला तर अंगणात जाऊन घ्यायचा. पुतण्याने मध्येच, मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजायची म्हणून, ‘काका, काकू, उद्या मीही येतो’ अशी घोषणा केली, तेव्हा आम्ही त्याच्या आधी उठून पसार झालो. तो बिचारा आठला उठला आणि सगळ्यांना सांगत बसला की म्हातारी माणसं झोपतच नाहीत.

भोगीच्या सकाळी आम्ही परत आलो तेव्हा आत्याबाई उन्हात खुर्ची टाकून तीळ निवडत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘काय बोलायलात रोज एवढं, दोघंच दोघं?’

हे म्हणाले, ‘काही नाही आत्या, आपलं असंच.’

‘हौ, असंच. त्या बिल्डरला विचारून ठेव बाळ्या, लिफ्ट केवढी करायलाय. माझी खुर्ची बसायला पाहिजे तिच्यात. मजला कोणता का असेना. आणि स्वयंपाकघर लहान केलंस तर सही करणार नाही मी. थंडीत माणसं येतात.’

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. घर आत्याबाईंच्याही नावावर आहे, हे या सगळ्या चालण्यात आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.