आज रक्त कुठून येतंय?

रेटिनोब्लास्टोमा झालेल्या बाळाच्या जांघेतून नेलेला मायक्रोकॅथेटर नेत्रधमनीच्या मुखाशी टेकला, की आम्हा मंडळींना गड सर केल्यासारखं वाटतं. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची ती धमनी. त्या क्षणाची अँजिओग्राफी परिषदेत मिरवायला मलाही आवडते, नाकारत नाही. पण मुखाशी सोडलेलं औषध डोळ्यात पोचलंच, हे गृहीतक मला खटकत आलं आहे, आणि आता तार तरुण हातांत सोपवताना तर फारच. त्यांचा हात बसलेला आहे. रक्ताकडे बघायला मात्र कुणी थांबत नाही.

गर्भात डोळ्याला एकाहून अधिक वाटांनी रक्त मिळतं. त्यातली स्टेपीडियल धमनी पुढे मावळते, तिचा काही वारसा मिडल मेनिन्जिअल धमनीकडे जातो आणि खोबणीत शिरणारी एखादी फांदी मागे उरते. मोजक्या मुलांत अख्खी नेत्रधमनीच तिथून निघते. ते प्रकरण त्यामानाने सोपं, कारण इंटर्नल कॅरोटिडमध्ये मुख दिसतच नाही. छळतो तो मधला प्रकार. मुख जागेवर असतं, पण एक्स्टर्नल कॅरोटिडकडून येणारा जोर जास्त, म्हणून प्रवाह उलटा. अशा वेळी हाताने जोरात डाय ढकलला की कोरॉइडचा कोरीसारखा ब्लश उमटतो आणि सगळे निश्चिंत होतात. मेल्फॅलान मात्र अर्धा तास थोडं थोडं सोडायचं असतं. तेवढ्या दाबाला ते मागे फिरून मेंदूकडे जाऊ शकतं. भरीस भर म्हणजे, तीन-चार आठवड्यांनी पुढच्या खेपेला हा तोल बदललेला असू शकतो. म्हणून गेल्या खेपेच्या नकाशावर विसंबू नये, दोन्ही कॅरोटिड दरवेळी बघाव्यात, असं माझं म्हणणं.

यावर आक्षेप येतो तो किरणोत्सर्गाचा, आणि तो खराच आहे: आरबी-१ जनुकातला दोष जन्मतःच घेऊन आलेल्या मुलांना पुढे दुसऱ्या कर्करोगाचा धोका असतो. पण कमी फ्रेम-रेटवर, चौकट आवळून घेतलेला एक लॅटरल रन आणि वाया गेलेली अख्खी खेप, पुन्हा भूल, पुन्हा मेल्फॅलान, यांची तुलना करून बघा. दुसरे म्हणतात, मग जपानी फुगा वापरा. कॅरोटिडमध्ये नेत्रधमनीच्या पुढे फुगा फुगवून औषध वळवण्याची ती पद्धत १९८०च्या दशकाअखेरची. न्यूयॉर्कमध्ये एब्रॅमसन आणि गोबँ यांनी २००६ साली थेट धमनीत शिरायला सुरुवात केल्यावर आपण तिला अडगळीत टाकलं. मुखाचा कोन अवघड असेल तिथे ती आजही कामाची. पण बाहेरून येणारा प्रवाह फुगा अडवत नाही. तो ओळखायला बाहेरची धमनी बघावीच लागते. आणि तो प्रवाह सापडल्यावर औषध मिडल मेनिन्जिअलमधूनच दिलं, तर त्यातलं थोडं मेंदूच्या आवरणात जाणार, हेही धरून चालावं. आणि संथ डायवर ब्लश येईपर्यंत मेल्फॅलान विरघळवायला सांगू नये. ते एकदा विरघळलं की तास-दीड तासात संपवावं लागतं, आणि मग घाई सुरू होते.